तीन वर्षांचा फ्लॅट, रिकामी फाइल: वॉरंटीची कागदपत्रं कशी जमवायची

पुण्याजवळच्या रावेतमधला फ्लॅट आम्ही घेतला तेव्हा तो जेमतेम तीन वर्षांचा होता. टाइल्सवर ओरखडा नाही, गिझरवरचं स्टिकरसुद्धा सोललेलं नाही. विकणारे गृहस्थ नोकरीसाठी जर्मनीला गेलेले, त्यामुळे सगळा व्यवहार त्यांच्या धाकट्या भावाने कुलमुखत्यारपत्रावर केला. खरेदीखताच्या दिवशी त्याने एक जाडजूड फाइल हातात ठेवली आणि मी ती न उघडता पिशवीत टाकली. घरी येऊन बघतो तर आत बँकेचा पत्रव्यवहार, पार्किंगचा नकाशा आणि एका पिझ्झावाल्याचं मेनूकार्ड. ताबापत्र नाही, वॉटरप्रूफिंगची हमी नाही, एसीचं बिल नाही.

जूनमध्ये बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल धरली. बिल्डरच्या ऑफिसात गेलो, तर काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, वॉरंटी पहिल्या ओनरला असते." ते खरं नव्हतं, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. पुढचे चार महिने कागद गोळा करण्यात गेले. तुम्ही दोन-तीन-चार वर्षांचं घर रीसेलमध्ये घेत असाल किंवा नुकतंच घेतलं असेल, तर तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. महाराष्ट्रातल्या फ्लॅटपुरतं.

१. "वॉरंटी" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी आहेत

हा घोळ आधी सोडवा, नाहीतर चुकीच्या दारात उभे राहाल.

पहिली, कायद्याने दिलेली. २०१६ च्या रेरा कायद्याचं (घरबांधणी आणि घरविक्रीवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा) कलम १४(३) सांगतं की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या ढाच्यातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, एक पैसाही जास्त न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. याला वेगळं कार्ड लागत नाही, कुणाचा शिक्का लागत नाही. आणि आमच्या काउंटरवरच्या मुलीसाठी: याच कायद्याच्या कलम २(डी) मध्ये "अलॉटी" कोण हे सांगितलंय, आणि त्यात नंतर विक्रीने किंवा हस्तांतराने घर घेणाराही येतो. भाडेकरू येत नाही. म्हणजे तुम्ही दुसरे मालक असलात तरी उरलेली वर्षं तुमची आहेत.

दुसरी, ठेकेदाराची हमी. टॉयलेट आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वाळवीप्रतिबंधक फवारणी, कधी खिडक्या. ही बहुधा स्टॅम्प पेपरवर किंवा लेटरहेडवर बिल्डरच्या नावाने लिहून दिलेली असते आणि अनेकदा पाच वर्षांपेक्षा लांब पल्ल्याची असते. म्हणूनच ती मिळवण्यात अर्थ आहे.

तिसरी, वस्तूंची: एसी, गिझर, चिमणी, इन्व्हर्टरची बॅटरी, डिजिटल लॉक, नळ. इथे बिल्डरचा संबंध असेलच असं नाही, कारण निम्म्या वस्तू आधीच्या मालकाने लावलेल्या असतात.

एक अपवाद. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर त्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. गावभागातल्या, गल्लीतल्या बऱ्याच इमारती यात मोडतात. तिथे १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा जुना फ्लॅट मालकी कायदा, बघावा लागतो आणि त्यातली दोषदुरुस्तीची मुदत तीन वर्षांची आहे. अशी इमारत असेल तर एकदा वकिलाला विचाराच.

२. पैसे हातात असेपर्यंत मागा

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. शेवटचा चेक गेला की विकणाऱ्याचा फोन "नंतर करतो" वर जातो. तो माणूस वाईट असतो असं नाही, त्याच्यासाठी विषय संपलेला असतो. माझ्या बाबतीत तर जर्मनी आणि पुण्याच्या वेळेतला फरकही त्याच्या बाजूने होता.

म्हणून टोकन देतानाच ही यादी व्हॉट्सॲपवर पाठवा:

- बिल्डरबरोबरचा मूळ नोंदणीकृत करारनामा, सगळ्या जोडपत्रांसह (फिटिंग्जची यादी जोडपत्रात असते)
- ताबापत्र
- ताबा घेताना भरलेली तक्रारयादी, म्हणजे स्नॅग लिस्ट, आणि त्यावर बिल्डरने दिलेली उत्तरं
- वॉटरप्रूफिंग व इतर हमीपत्रांच्या प्रती
- बिल्डरशी झालेले ईमेल, निदान दुरुस्तीबद्दलचे
- घरात ठेवून जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाचं बिल
- घरात तोडफोड किंवा बदल केले असतील तर त्याची माहिती, इंटिरियरवाल्याचं नाव

शेवटचा मुद्दा यादीत कुणी घालत नाही. बऱ्याच करारनाम्यांत असं कलम असतं की भिंत, पाइपलाइन किंवा टॉयलेटची फरशी परवानगीशिवाय बदलली तर बिल्डरची जबाबदारी संपली. आधीच्या मालकाने हौसेने बाथरूमला नवीन टाइल्स बसवल्या असतील तर त्या बाथरूमच्या गळतीवर तुम्हाला भांडण करावं लागेल. ते घर घेण्याआधी कळलेलं बरं, भावही करता येतो.

यादी तोंडी मान्य करून भागत नाही. साठेखतात एक परिच्छेद घालून घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी नंतर घेतलेल्या फ्लॅटसाठी वकिलाने लिहिलेला मजकूर साधारण असा होता ("लिहून देणार" म्हणजे विकणारा, "लिहून घेणार" म्हणजे घेणारा):

"लिहून देणार यांनी परिशिष्टात नमूद केलेली कागदपत्रे खरेदीखतापूर्वी लिहून घेणार यांच्या स्वाधीन करावयाची आहेत. सदर कागदपत्रे न दिल्यास ठरलेल्या मोबदल्यापैकी रुपये ____ इतकी रक्कम लिहून घेणार यांना ती मिळेपर्यंत राखून ठेवता येईल. तसेच कागदपत्रांच्या प्रती विकसकाकडून थेट मिळवण्यासाठी लिहून देणार हे लिहून घेणार यांना संमतीपत्र देत आहेत."

राखून ठेवायची रक्कम फार मोठी नको, विकणारा बिथरतो. पंचवीस-पन्नास हजार अडकलेले असले की माणूस माळ्यावर चढून फाइल शोधतो. संमतीपत्राची ओळ मात्र सोडू नका. बिल्डरचं ऑफिस पहिली हरकत घेतं ती "मूळ ग्राहकाची परवानगी आणा" अशीच.

३. ताबापत्र: बाकी काही नाही मिळालं तरी हे मिळवा

सगळी पाच वर्षं एका तारखेवर टांगलेली आहेत, ताबा दिल्याची तारीख. तुमच्या खरेदीखतापासून पाच वर्षं मोजायची नाहीत. घर कितीही वेळा विकलं गेलं तरी घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. आमचा एजंट छातीठोकपणे सांगत होता, "साहेब, तुम्हाला फ्रेश पाच वर्षं." एजंटांवर एक स्वतंत्र लेख होईल, तो नंतर कधीतरी.

दुसरा घोळ इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदणी कार्यालयातून मिळणाऱ्या दस्ताच्या गोषवाऱ्याचा. इंडेक्स टूवर दिसते ती करार नोंदवल्याची तारीख. बांधकाम चालू असताना करार झालेला असतो, ताबा त्यानंतर दोन वर्षांनीही मिळालेला असू शकतो. उलटी चूक करणारेही असतात. करारात "ताबा अमुक महिन्यापर्यंत देऊ" असं लिहिलेलं असतं, तीच तारीख खरी धरून ते मोजत बसतात.

तिसरा घोळ जास्त अवघड आहे. काही ठिकाणी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, येण्याआधीच "फर्निचर करून घ्या" म्हणून चाव्या देतात. याला फिट-आउट पझेशन म्हणतात. मग दोन तारखा तयार होतात आणि बिल्डर अर्थातच आधीची धरतो. वाद घालता येतो, पण वादावर अवलंबून राहू नका. तक्रार आधीच्या तारखेच्या हिशेबानेच मुदतीत बसवा.

ताबापत्र हरवलंच असेल तर तारीख दुसऱ्या कागदांवरून उभी करता येते. मी ती अशी केली: बिल्डरचं शेवटच्या हप्त्याचं मागणीपत्र, चावी घेतल्याची सही असलेली पोच (आधीच्या मालकाच्या ईमेलमध्ये सापडली), सोसायटीचं पहिलं मेंटेनन्स बिल आणि बँकेने कर्जाचा शेवटचा हप्ता सोडल्याचं पत्र. चारही कागद एकाच पंधरवड्यातले निघाले. विजेच्या मीटरची नोंद आणि मिळकतकराची पहिली आकारणीही आधाराला लावता येते.

ताबापत्रावर खाली बहुधा एक ओळ असते, "सदनिका तपासून पाहिली, कोणतीही तक्रार नाही." आधीच्या मालकाने त्यावर सही केलेली असणारच, सगळेच करतात. ती ओळ दाखवून कुणी तुम्हाला परत पाठवत असेल तर त्याला कलम १४(३) दाखवा. भिंतीतली ओल ताबा घेताना उन्हाळ्यात दिसत नाही, आणि कायद्याने पाच वर्षं दिली आहेत ती त्यासाठीच.

४. घरबसल्या मिळणारं आधी काढून घ्या

महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्रात रेरा कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने शोधा. क्रमांक "पी"ने सुरू होतो. पुण्याचे पी५२१, ठाण्याचे पी५१७, मुंबई उपनगरचे पी५१८. एकाच कॉम्प्लेक्सच्या तीन फेजना तीन वेगळे क्रमांक असू शकतात, तुमच्या इमारतीचाच घ्या. तिथे मंजूर नकाशे, करारनाम्याचा नमुना, बिल्डरचा अधिकृत पत्ता आणि बऱ्याचदा ओसीची प्रत मिळते. पत्ता नीट उतरवून घ्या. साइट ऑफिस तोपर्यंत बंद होऊन तिथे सॅलोन उघडलेलं असतं.

मूळ करारनामा हरवला असेल तर घाबरू नका. तो नोंदणीकृत दस्त आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमधून दस्त क्रमांक शोधा आणि ज्या दुय्यम निबंधकाकडे नोंद झाली तिथून प्रमाणित प्रत मागा. जोडपत्रांसकट मागा, नाहीतर पहिली काही पानंच हाती पडतील. फिटिंग्जची यादी शेवटी असते आणि नळ कोणत्या कंपनीचे, खिडक्या कोणत्या, टाइल्सचा ब्रँड कोणता हे तिथेच सापडतं.

ओसी संकेतस्थळावर नसेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात माहितीचा अधिकार वापरा. जोडपत्र 'अ' मधला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. अर्जात "माझ्या इमारतीची सगळी माहिती द्या" असं लिहू नका. सर्व्हे नंबर, इमारतीचं नाव, "भोगवटा प्रमाणपत्राची प्रत", एवढंच. नेमकं मागितलं की नेमकं मिळतं.

५. सोसायटीचं कपाट

गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या भिंतींचा रंग, लिफ्ट, पंप, सोलर, जमिनीखालची वाळवी फवारणी ही सगळी सामाईक कामं. त्यांची हमीपत्रं बिल्डरने सोसायटीला द्यायची असतात. कलम १७(२) नुसार पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर ३० दिवसांत कागदपत्रं आणि नकाशे सोसायटीकडे सोपवणं बिल्डरवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात सोपवलेले असतात दोन खोके, आणि त्यातलं काय आहे हे कुणालाच माहीत नसतं.

सेक्रेटरींना अर्ज द्या, पण त्याआधी संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जा. आमच्या सोसायटीत हमीपत्रांची फाइल क्लब हाउसच्या स्टोअररूममध्ये, गणपतीच्या मखराच्या मागे होती. तिच्यात वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराचं लेटरहेडवरचं दहा वर्षांचं हमीपत्र होतं, इमारतीच्या नावासकट. त्याची प्रत पन्नास फ्लॅटवाल्यांनी मागितलीच नव्हती.

सोसायटी स्थापन झाली नसेल तर हे सगळं अजून बिल्डरकडेच आहे असं धरून चाला आणि पुढच्या पायरीत मागा.

कुठला दोष कुणी कळवायचा हेही इथेच ठरवून घ्या. घराच्या आतला दोष तुम्ही स्वतः कळवायचा. गच्ची, जिना किंवा डक्टचा असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवरून जाऊ द्या. आमच्या भिंतीची ओल बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेतून येत होती, म्हणून दोन्ही पत्रं गेली.

६. बिल्डरला पत्र: फोन नको, ॲप नको

बिल्डरांचे आता कस्टमर ॲप असतात. तिकीट टाकायचं, "रिझॉल्व्ह्ड" होऊन बंद पडायचं. शिवाय ॲपमध्ये लॉगिन आधीच्या मालकाच्या नंबरवर. तिकीट हवं तर टाका, पण खरा कागद म्हणजे ईमेल आणि त्याच मजकुराचं स्पीड पोस्ट, पोचसकट. (रजिस्टर एडी मागायला गेलात तर पोस्टात गोंधळाल. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळली आहे.)

मी पाठवलेल्या पत्राचा सांगाडा:

"विषय: सदनिका क्र. __, इमारत __, महारेरा नोंदणी क्र. __: कागदपत्रांच्या प्रती मिळणे व दोष दुरुस्तीबाबत.

वरील सदनिका मी दि. __ च्या नोंदणीकृत खरेदीखताने घेतली आहे. इंडेक्स टू सोबत जोडला आहे. रेरा कायद्याच्या कलम २(डी) प्रमाणे मी अलॉटी आहे. कलम १९(५) प्रमाणे पुढील प्रती द्याव्यात: (१) ताबापत्र, (२) भोगवटा प्रमाणपत्र, (३) टॉयलेट, टेरेस व बाहेरील भिंतींच्या वॉटरप्रूफिंगची हमीपत्रे, (४) वाळवीप्रतिबंधक कामाचे प्रमाणपत्र, (५) सदनिकेत बसवलेल्या खिडक्या, नळ व विद्युत साहित्याचे ब्रँड व पुरवठादार यांची नावे.

तसेच दि. __ रोजी पश्चिमेकडील बेडरूमच्या भिंतीवर ओल आढळली. छायाचित्रे जोडली आहेत. कलम १४(३) प्रमाणे ३० दिवसांत दुरुस्ती करावी."

कागद आणि दोष एकाच पत्रात मागितले याला कारण आहे. कागदांसाठी थांबलात आणि त्यात मुदत उलटली तर गेलं. दोष कळवायला हमीपत्र हातात असावं लागत नाही.

कलमं लिहिताना सूर तापट ठेवू नका. "फसवणूक", "कोर्टात खेचीन" असं लिहिलं की पत्र त्यांच्या वकिलाकडे जातं आणि तिथे दोन महिने पडून राहतं. साधं लिहिलं की इंजिनिअरकडे जातं.

उत्तर "हमीपत्र आमच्याकडे उपलब्ध नाही" असं आलं तरी ते जपून ठेवा. निदान ठेकेदाराचं नाव विचारा. वॉटरप्रूफिंगवाले स्वतःच्या कामांची नोंद ठेवतात, कारण पुढचं काम त्यांना त्याच इमारतीत मिळणार असतं.

७. एसी, गिझर, चिमणी

सगळ्या उपकरणांच्या सीरियल नंबरच्या स्टिकरचे फोटो काढा. गिझरचं खालच्या बाजूला, एसीचं इनडोअर युनिटच्या कडेला, चिमणीचं फिल्टर काढल्यावर आत. मग कंपनीच्या कस्टमर केअरला नंबर द्या. आधीच्या मालकाने ऑनलाइन नोंदणी केली असेल तर खरेदीची तारीख त्यांच्याकडे असते आणि नवीन पत्ता व मोबाइल जोडून घेता येतो. नोंदणी नसेल तर बिल मागतात.

बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडे जा. जीएसटी कायद्यानुसार व्यापाऱ्याला हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. "इतकं जुनं नाही हो सापडणार" हे तीन वर्षांच्या बिलाला लागू होत नाही. आधीच्या मालकाचा मोबाइल नंबर सांगितला की दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल पाच मिनिटांत निघतं. त्याने यूपीआयने पैसे दिले असतील तर त्याच्याकडून तारीख आणि रक्कम मागून घ्या, शोध सोपा होतो.

बॅटरीचं कार्ड मात्र दुकानाच्या शिक्क्याशिवाय चालत नाही असं बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळतं, त्यामुळे तिथे मी वेळ घालवला नाही. तीन वर्षांची बॅटरी तशीही शेवटच्या श्वासावर असते. एसीवर मात्र मेहनत घ्या. कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकी यंत्रापेक्षा बरीच लांब असते.

कंपनी "वॉरंटी फक्त खरेदी करणाऱ्याला" म्हणाली तर आधी वॉरंटीच्या अटी स्वतः वाचा, तसं लिहिलेलं आहे का. नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच आहे, हे सांगा. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

८. तीस दिवस उलटले आणि काहीच हललं नाही

एक स्मरणपत्र, पंधरा दिवसांचं. त्यानंतर महारेराकडे ऑनलाइन तक्रार. शुल्क ५,००० रुपये. त्याआधी महारेराच्या सलोखा मंचाचा पर्याय बघा. तिथे ग्राहक संघटनेचा आणि विकासकांच्या संघटनेचा प्रतिनिधी समोर बसवून बोलणी करतात, आणि मागणी भिंत दुरुस्त करण्याएवढी लहान असेल तर बिल्डरलाही ते सोयीचं वाटतं.

तक्रारीला जोडायला लागलेले माझे कागद: खरेदीखत आणि इंडेक्स टू, मूळ करारनाम्याची प्रमाणित प्रत, ताब्याची तारीख दाखवणारे चार कागद, तारखेसह फोटो, ईमेल, पोस्टाची पोच आणि एका खासगी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दोन पानी अहवाल. फोटो काढताना भिंतीजवळ त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरा, जुनी युक्ती आहे पण वाद मिटवते.

माझी तक्रार दाखल करावी लागलीच नाही. अर्ज भरून पैसे भरायच्या पानावर होतो, तेवढ्यात साइट इंजिनिअरचा फोन आला आणि ऑक्टोबरात झुल्यावर बसून दोन माणसांनी बाहेरची भेग भरली. मखरामागे सापडलेल्या हमीपत्राची झेरॉक्स त्यांच्या खिशात होती.